घरचा नमुना

२ मार्च

तुझ्या तक्रारअर्जाची प्रत आज सरांनी माझ्या हातात दिली. तीन पानं, टाइप केलेली. त्यात मी तुझी ताई नाही, बहीणसुद्धा नाही. 'सदर तंत्रज्ञ' आहे. 'सदर तंत्रज्ञाने स्वतःच्या आईचे रक्ताचे अहवाल जाणूनबुजून नॉर्मल दाखवले.' हे वाक्य तुझं तूच लिहिलंस की कुणाकडून लिहून घेतलंस? शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचे, म्हणून विचारलं.

सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली रक्ताच्या यंत्रावर काम करते आहे, आजवर त्यांनी मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. आज म्हणाले. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी भयंकर आहे, आणि ते तुझ्याकडूनच आलेलं असणार.

आता नीट वाच, कारण तुला लिफ्ट बसवता येते, रक्तातलं तुला ओ का ठो कळत नाही. आईच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू होता. अशा माणसाच्या लिव्हरमध्ये पुढे कधीतरी कॅन्सरची गाठ होऊ शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्तातलं एएफपी नावाचं प्रोटीन मोजतात. गाठ झाली की बऱ्याचदा ते चढतं. दहाच्या आत असलं की ठीक. शेवटच्या दोन वर्षांत आईचं चार वेळा मोजलं. ३.८, ४.१, ४.०, ४.४. रक्त मी काढलं, यंत्रात मी लावलं, आकडा यंत्राने दिला. यंत्र काही कुणाचं सासर-माहेर बघून आकडा देत नाही. चारही आकडे त्याच्या स्मरणात तारीखवार पडलेले आहेत. कुणीही यावं आणि बघावं.

पाचव्यांदा मोजायची वेळ आली नाही. त्याआधीच पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले, आणि मुठीएवढी गाठ निघाली. अकरा आठवड्यांत आई गेली. त्या अकरा आठवड्यांत तिची उशी कोण बदलत होतं, ते तुझ्या तीन पानांत कुठे आलेलं नाही. तू आलास सगळं आटोपल्यावर, दुसऱ्या दिवशी. वरातीमागून घोडं. दारात चपला काढल्यास आणि पाणीही न पिता विचारलंस, "फाइल कुठे आहे?"

कर तक्रार. आणखी दहा ठिकाणी कर.

सदर तंत्रज्ञ


१४ मार्च

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पाकिटाचे कष्ट घेतले नाहीस, त्यामुळे आमच्या पोस्टमननेही वाचलं असणार. तो हल्ली माझ्याकडे वेगळंच बघतो.

'मी लिफ्ट लावतो तेव्हा दोरही तपासतो आणि ब्रेकही. तू नुसता दोर बघितलास. सोनोग्राफी का झाली नाही?' वा! एवढ्या दोन ओळींसाठी नऊ वर्षांचं मौन सोडलंस. उंटावरून शेळ्या हाकणं तुला चांगलं जमतं. इथे राहून एक तरी शेळी सांभाळायचीस.

हो, डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी, दोन्ही. पण आईच नको म्हणायची. सकाळपासून उपाशी राहायचं, बाकावर ताटकळत बसायचं, मग पोटावर तो थंडगार चिकट पदार्थ. तिला आवडायचं नाही. सत्तरीच्या बाईला मी काय उचलून नेणार होते? तिचा हट्ट तुला माहीत नसेल, तू गेलास तेव्हा तो एवढा वाढला नव्हता.

मिळालं उत्तर? आता माझ्या प्रश्नाचं दे. तू स्वतःचं रक्त तपासलंस का?

नऊ वर्षांपूर्वीही मी हेच विचारलं होतं. डोळ्याच्या ऑपरेशनआधी आईचं रक्त तपासलं आणि त्यात विषाणू निघाला, त्याच दिवशी मी धावत तुझ्या इथल्या घरी आले. समोर तुझे सासरे बसलेले होते, ते मला दिसलेही नाहीत. मी बोलून गेले, "हे आईकडून जन्मतःच मुलांना येतं. तू तपासून घे, नाहीतर बायकोला देशील." सासऱ्यांनी हातातला पेला खाली ठेवला. तू उठलास आणि माझ्यासाठी दार उघडलंस. जागा चुकली माझी, कबूल. सांगितलेलं खोटं नव्हतं. पुढे माझं रक्त स्वच्छ निघालं तेव्हा फोनवर म्हणालास, "तू सुटलीस, आता गाव गोळा कर." तो आपला शेवटचा फोन.

वहिनीने तुझ्या नकळत स्वतःचं आणि मुलीचं रक्त तपासून घेतलं, दोघी स्वच्छ आहेत आणि दोघींनी लशीही घेतल्या. हे तिनेच मला कळवलं होतं. आता तुलाही कळलं. घरात तीन माणसं, त्यातली दोन शहाणी. तिसरा झाकली मूठ घेऊन लोकांच्या लिफ्ट तपासत फिरतो.


२ एप्रिल

काल चौकशी झाली. समितीत तिघं. सर, कार्यालयातले एक साहेब आणि बाहेरून आलेल्या एक डॉक्टरीणबाई. बाईंनी यंत्राच्या नोंदी पाहिल्या, चारही आकडे जुळले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "या चार तपासण्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

चिठ्ठ्या नाहीत.

तुला हे कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे 'घरचा नमुना' म्हणून एक प्रकार चालतो. कुणी नियम केलेला नाही, पण सगळेच करतात. घरच्या माणसाचं रक्त घरीच काढायचं, नळी खिशात टाकून आणायची, आणि सकाळी यंत्र बरोबर चालतंय का हे बघण्याचे नमुने लावताना त्यांच्या शेपटाला ही नळीही लावायची. चिठ्ठी नाही, रांग नाही, नोंदवहीत नाव नाही. आकडा कागदाच्या कपट्यावर लिहून घरी न्यायचा. टेलिफोनवालीच्या नवऱ्याची साखर अशीच बघतात. सरांच्या मेव्हण्याचं थायरॉइड मी स्वतः असं केलेलं आहे. मी ते समितीसमोर बोलूनही दाखवलं. त्यानंतर सर बराच वेळ छताकडे बघत होते.

"म्हणजे लिव्हरच्या डॉक्टरांनी हे अहवाल पाहिलेच नाहीत?" बाईंनी विचारलं.

नाही पाहिले. मी तिला डॉक्टरांकडे नेत नव्हते. विषाणूच्या गोळ्या मीच आणून देत होते. मला माझ्या आईला त्या बाकावर दोन-दोन तास बसवायचं नव्हतं. बावीस वर्षं नोकरी करून तेवढीही सवलत मिळू नये? तिच्या वेळेला, तिच्या खुर्चीत बसवून रक्त काढायचे, तिला कळायचंसुद्धा नाही. हाताची सफाई होती माझी. ती शेजारणींना सांगायची, "माझी मुलगी सुई टोचते ते डासालासुद्धा जमायचं नाही."

मला मेमो मिळाला आहे. चिठ्ठीशिवाय तपासणी केल्याबद्दल. तुला पेढे वाटायचे असतील तर वाट.

पण खोटेपणाचा जो डाग तू लावलास, तो मी पुसणार. पुरावा माझ्याच फ्रीजरमध्ये आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत होते मी. तपासणीच्या रसायनांचं नवं किट आलं की जुन्या आणि नव्या किटवर तेच रक्त लावून बघावं लागतं, आकडे जुळतात की नाही ते. त्यासाठी एक खूप चढलेलं रक्त लागतं आणि एक चांगलं. चांगलं म्हणून मी आईचंच ठेवलं होतं. चारही वेळचं थोडंथोडं, छोट्या कुप्यांत, गोठवून. दोन वर्षं आमच्या विभागात नॉर्मल म्हणजे काय, ते तुझ्या आईवरून ठरत होतं.

चारही कुप्या मी सरांच्या सहीने बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवल्या आहेत. तिथे मला कुणी ओळखत नाही, त्यामुळे तुला तोंड उघडायला जागा उरणार नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण तुला आरसाही दाखवते.


२१ एप्रिल

निकाल आला. ३.७, ४.०, ४.१, ४.३. माझे आकडे आणि त्यांचे आकडे शेजारी ठेवून बघ. एवढा बारीक फरक दोन यंत्रांत असतोच. चारही वेळा मी खरं तेच सांगितलं होतं. समितीने तसं लेखी दिलं आहे. त्याची प्रत सोबत जोडते, भिंतीवर लाव.

त्या प्रयोगशाळेने न सांगता आणखी एक चाचणी लावली. लिव्हरच्या दोन चाचण्या त्यांच्याकडे जोडीनेच लागतात म्हणे. तिचा चौकशीशी काही संबंध नाही.

माफी मागू नकोस. मागितलीस तरी मी ती देणार नाही. आईचे कपडे मी वाटून टाकले, तुझ्यासाठी काही ठेवलेलं नाही.


२४ एप्रिल

मागचं पत्र फाडून टाक. नाही, नको फाडूस. राहू दे.

दुसऱ्या चाचणीचे आकडे सांगते. पिव्हका म्हणतात तिला. रक्त गोठवणारं एक प्रोटीन लिव्हर बनवत असतं. गाठीतल्या पेशी ते अर्धवटच बनवतात आणि तसंच रक्तात सोडतात. ते अर्धवट प्रोटीन ही चाचणी मोजते. चाळीसच्या आत असायला हवं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते उगाचच चढतं, पण आई तसल्या गोळ्या घेत नव्हती. पळवाट म्हणून मी तेही तपासून पाहिलं.

पहिली कुपी ३६. दुसरी १३०. तिसरी ७१०. चौथी ३२००.

एकच रक्त. एकाच कुपीतलं. एएफपी म्हणत होतं सगळं ठीक आहे, आणि हे दुसरं बोंबलत होतं. दुसऱ्या वेळी मी रक्त काढलं तेव्हा गाठ होती. बोराएवढी असेल. कापून काढता आली असती. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष आई आपल्या पायांनी हिंडत होती, आणि मी तिला चाराचे आकडे आणून देत होते.

ही चाचणी आमच्याकडे नव्हती, म्हणून मी सुटते असं पहिले दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं. नाही सुटत. दहातल्या तीन-चार गाठी एएफपी चढवतच नाहीत, हे पुस्तकात आहे. मला ते परीक्षेत आलं होतं, मी बरोबर लिहिलं होतं. म्हणून तर सोबत सोनोग्राफी करतात. मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं, वहिनीला नव्हतं, आईला नव्हतं. मला होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिव्यानेच डोळे मिटून घेतले होते.

आणि आई नको म्हणायची, हे मी खोटं लिहिलं.

दुसऱ्या वेळची गोष्ट. तिच्याकडे डॉक्टरांची जुनी चिठ्ठी होती. ती घेऊन ती एकटी आली आणि आमच्या इमारतीत तळमजल्यावर सोनोग्राफीच्या बाकावर जाऊन बसली. मला सांगितलंही नव्हतं. आमच्या झाडूवालीने तिला पाहिलं आणि वर येऊन मला सांगितलं. यंत्रातून आकडा नुकताच बाहेर पडला होता, तो कपटा हातात घेऊनच मी जिना उतरले. ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती, सकाळपासून उपाशी, ओठ सुकलेले. मला राग आला. माझ्यावर विश्वास नाही का, असं वाटलं मला. मी म्हणाले, "आई, चार पॉइंट एक आलाय. ऊठ. कशाला उपाशी मरतेस?"

ती म्हणाली, "अगं, आता पुढचा नंबर माझाच आहे."

"आकडा चांगला आहे म्हणते ना मी."

"तू म्हणतेस तर..." म्हणाली, आणि उठली. मागच्या बाईला म्हणाली, "तुम्ही जा हो माझ्या जागी, माझी मुलगी इथेच कामाला आहे." वर जाताना माझा हात धरून चालत होती. खूश होती. नंतर पुन्हा कधी तिने सोनोग्राफीचं नाव काढलं नाही.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाच का सांगते आहे? तू मला माफ करणार नाहीस म्हणून. दुसरं कुणी असतं तर लगेच म्हणालं असतं, जाऊ द्या हो, तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत.

काल दुसरा कागद मी सरांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "हे समितीने विचारलेलंच नाही. कशाला उकरता?" मी म्हटलं, "माझ्या भावाने विचारलंय." त्यांनी कागद ठेवून घेतला. एक तारखेपासून मी यंत्रावर नाही. खाली नोंदणीच्या खिडकीत बसवणार आहेत.

आता तू मला काय वाटेल ते बोल, सगळं ऐकून घेईन. पण आधी रक्त तपास. ज्या आईचं दूध तू प्यायलास त्याच आईकडून हेही आलेलं असेल. माझ्यावरचा राग तुझ्या लिव्हरवर काढू नकोस. मला भीती वाटते. हे तुला लिहिताना लाज वाटते आहे, पण वाटते.


१९ मे

डबा मिळाला. थर्मोकोलचा, बर्फ निम्मा वितळलेला, आत एक नळी. तिच्यावर ना नाव, ना वय. सोबत तुझ्या अक्षरातली चिठोरी: 'बघ आणि फक्त आकडा कळव. माझं नाव कुठेही येता कामा नये.'

अरे गाढवा! तुझ्या तीन पानांच्या तक्रारीवरून मला मेमो मिळाला तो नेमका याच गोष्टीसाठी. आणि आता स्वतःच घरचा नमुना पाठवतोस?

मी तुझं नाव लिहिलं. आता दिवसभर माझं तेच काम आहे. खिडकीत बसून लोकांची नावं लिहिते. फॉर्मवर तुझं पूर्ण नाव, वय बेचाळीस, धंदा लिफ्ट बसवणे. घरात आजाराचा इतिहास, या रकान्यात लिहिलं: आई, लिव्हरचा कॅन्सर. लिव्हरच्या डॉक्टरांकडे जाऊन बाकावर बसले, माझा नंबर आल्यावर आत गेले, सगळं सांगून त्यांच्या हातची चिठ्ठी घेतली. मग नळी माझ्याच जुन्या खिडकीतून आत दिली. माझ्या जागी आलेल्या बाई मला म्हणाल्या, "उद्या या." मला! दुसऱ्या दिवशी गेले, तर "अजून सही झाली नाही, बसा." बसले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचं तोंड कोरडं पडलं होतं आणि ते सारखे त्या खिडकीकडे बघत होते. मीही तेच करत होते. बावीस वर्षं त्या काचेच्या आत बसून मला हे कधी दिसलं नव्हतं. दुसरी चाचणी बाहेरून करून आणली, म्हणून एवढे दिवस गेले.

विषाणू आहे. तुझ्या रक्तात आहे, जन्मापासून आहे. नऊ वर्षं तू ज्यासाठी माझं तोंड बघत नव्हतास ते खरं निघालं. मला याचा आनंद झाला असेल असं तुला वाटत असेल, तर तू खरंच मूर्ख आहेस. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. विषाणूला ताब्यात ठेवायच्या गोळ्या आहेत. किती चढलाय ते बघून डॉक्टर ठरवतील.

आता तुझा लाडका आकडा. एएफपी चार. पिव्हका अठ्ठावीस. दोन्ही नॉर्मल.

वाचून हायसं वाटलं ना? खांदे खाली आले असतील, वहिनीला हाक मारून सांगावंसं वाटलं असेल. मला माहीत आहे तो चेहरा कसा दिसतो. आईला मी तो चार वेळा दिला.

म्हणून हे दोन आकडे मी तुला सोनोग्राफी झाल्यावरच कळवणार होते. पण मग तू समजला असतास, वाईट आहे म्हणून लपवते. आणि लपवून झालं आहे माझं. तर आकडे घे, पण त्यांच्यावर झोपू नकोस. तुझ्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात फोन करून मी वेळ घेतली आहे. येत्या शुक्रवारी, सव्वानऊ, नंबर तिसरा. तुझ्या नावावर. सकाळपासून काही खायचं नाही, हे वहिनीला कळवलं आहे, कारण तुझ्यावर माझा भरवसा नाही. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याजवळ आहे, ती मी स्वतः घेऊन येते आहे. गुरुवारच्या गाडीचं आरक्षण झालं.

शुक्रवारी सातला तुझ्या दारात असेन. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, जिन्यात बसेन. कामावर जायला तुला त्याच जिन्याने उतरावं लागेल, आणि तुमची लिफ्ट बंद असते असं वहिनी म्हणाली. लोकांच्या लिफ्ट लावत फिर तू! भांडायचं आहेच. तुझे सासरे, ती फाइल, ते 'सदर तंत्रज्ञ', मला काहीही सोडायचं नाही, आणि तुलाही सोडायचं नसेल. रस्ताभर भांडू, बाकावर बसून भांडू, लोक बघतील तर बघू देत.

फक्त तिसरा नंबर पुकारला की आत जायचं. मी ऊठ म्हटलं तरी उठायचं नाही.